आकाश आधी की जमीन आधी? कुराणातली सृष्टी आणि आजचं खगोलशास्त्र

आकाशमित्र

बरेच महिने लिहू की नको करत होतो, आज लिहितोच. मी नमाज-रोजा पाळणारा मुसलमान आहे आणि गेली पंधराएक वर्षं हौशी आकाशनिरीक्षणही करतो. मुलांना दुर्बिणीतून चंद्रावरची विवरं, शनीची कडी दाखवतो आणि दाखवता दाखवता बोलत असतो. त्या बोलण्यात तीन वाक्यं माझी ठरलेली असायची. कुराणात २१:३० मध्ये (२१वी सुरा म्हणजे अध्याय, तिच्यातली ३०वी आयत म्हणजे वचन) आकाश आणि जमीन जोडलेली होती ती आम्ही वेगळी केली असं आहे, म्हणजे बिग बँग. ५१:४७ मध्ये आकाश आम्ही विस्तारतो असं आहे, म्हणजे हबलने दाखवलेलं विश्वाचं प्रसरण. ४१:११ मध्ये आकाश धूर होतं, म्हणजे सुरुवातीचा वायू. मुलं खूश, त्यांचे आईवडील खूश, मीही खूश.

गेल्या हिवाळ्यात नववीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, पण त्याच ४१व्या सुरेत जमीन आधी झाली आणि मग अल्लाह आकाशाकडे वळला असं आहे ना? आणि तुम्ही तर म्हणता सूर्य, तारे आधीचे, जमीन नंतरची." मुलगी पाठांतरवाली आहे, तिला आयती तोंडपाठ. माझ्याकडे उत्तर नव्हतं. "बघून सांगतो" म्हणालो, दुर्बीण गुंडाळली आणि घरी आलो.

घरी येऊन ४१:९ ते १२ नीट वाचलं. जमीन दोन दिवसांत. मग तिच्यावर डोंगर, बरकत, अन्न असं सगळं चार दिवसांत. मग धूर असलेल्या आकाशाकडे वळणं आणि दोन दिवसांत सात आकाशं. आपल्याला आज ठाऊक आहे ते असं की विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांचं आणि पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची. म्हणजे पृथ्वी व्हायच्या आधी ९०० कोटींहून जास्त वर्षं आकाश होतंच. मी इतकी वर्षं सोयीची आयत उचलत होतो आणि शेजारची सोडत होतो, हे त्या रात्री कळलं आणि फार लागलं मनाला.

श्रद्धा डळमळली वगैरे नाहीये. पण मुलांसमोर खोटा आत्मविश्वास दाखवला याची लाज वाटते. जाणकारांनी मदत करावी, दोन्ही बाजूंच्या.

शोधयात्री

आकाशमित्र भाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. सातव्या शतकात वाळवंटातल्या समाजात, जिथे दुर्बीण नाही वेधशाळा नाही, तिथे आकाश आणि जमीन एकत्र होती, आकाश धुरासारखं होतं, सगळे आपापल्या कक्षेत तरंगतात (२१:३३) हे कुणाला सुचेल? एक गोष्ट जुळली तर योगायोग म्हणा, इतक्या जुळल्या तर नाही म्हणता येत. आणि आकडा बघा, सृष्टी सहा दिवसांत, त्यातली जमीन दोन दिवसांत, म्हणजे एक तृतीयांश. ४५४ भागिले १३८० करून बघा, ०.३२९ येतं! मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, त्या दिवसापासून नमाजीत वेगळंच मन लागायला लागलं हे मी अगदी मनापासून सांगतोय. दिवस म्हणजे चोवीस तास नव्हेत हे तर कुराणच सांगतं, २२:४७ मध्ये एक दिवस हजार वर्षांचा, ७०:४ मध्ये पन्नास हजारांचा.

प्रयोगवही

मी भौतिकशास्त्र शिकवते. धार्मिक नाही, पण विषयाबद्दल आदर आहे, म्हणून फक्त विज्ञानाच्या बाजूने लिहिते.

शोधयात्री, एक तृतीयांश कधीचा? १९२९ मध्ये हबलने आकाशगंगा दूर जाताना मोजल्या तेव्हाचा वेग धरला तर विश्वाचं वय साधारण २०० कोटी वर्षं निघायचं. खडकांचं वय त्याहून जास्त येत होतं, म्हणजे पृथ्वी विश्वापेक्षा म्हातारी! शास्त्रज्ञ बरीच वर्षं या पेचात होते, अंतरं मोजण्यातली चूक सापडली तेव्हा सुटला. १९३५ साली कुणी हा भागाकार केला असता तर काय उत्तर आलं असतं? आणि उद्या आकडा थोडा सरकला तर अंगावरचा काटा कुठे ठेवायचा?

शिवाय आयतीत जमिनीचे दोन दिवस सगळ्यात आधी आहेत आणि खगोलशास्त्रात पृथ्वी शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात येते. क्रम बाजूला ठेवला, मधले चार दिवस बाजूला ठेवले, की मगच गणित जमतं.

धुराबद्दल. पहिली ३.८ लाख वर्षं विश्व म्हणजे इतकं तापलेलं होतं की अणूसुद्धा टिकत नव्हते, प्रकाश मोकळा धावू शकत नव्हता. तो मोकळा झाला तेव्हाचा उजेड आज २.७ केल्विनच्या सूक्ष्मलहरी म्हणून चारी बाजूंनी येतो, पेन्झियास आणि विल्सन यांना तो १९६४-६५ मध्ये सापडला. त्याला धूर म्हणायचं तर उपमा म्हणून म्हणा, माझी हरकत नाही. पण धुरात कण असतात, कार्बन असतो, आणि कार्बन ताऱ्यांच्या पोटात शिजतो. जमिनीतला ऑक्सिजन, सिलिकॉन, लोखंड सगळं ताऱ्यांतून आलेलं आहे. तारे नाहीत तर जमीन नाही. तुमच्या विद्यार्थिनीची शंका शंभर टक्के बरोबर आहे.

हर्फ

मी दहाएक वर्षं अरबी शिकलोय, तफसीर (कुराणावरची भाष्यं) वाचतो. आलिम (धर्मपंडित) नाही, त्यामुळे चुकलं तर सांगा.

आकाशमित्र, पहिली गोष्ट त्या मुलीला ही सांगा की तिचा प्रश्न तेराशे वर्षं जुना आहे आणि विचारणाऱ्याला कुणी गप्प बसवलं नव्हतं. इमाम बुखारींच्या हदीससंग्रहात (हदीस म्हणजे पैगंबरांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या सांगण्याच्या नोंदी) नोंद आहे. एक माणूस इब्न अब्बासांकडे (पैगंबरांचे चुलतभाऊ, कुराणाच्या अर्थाचे सगळ्यात मोठे जाणकार मानले जातात) आला आणि म्हणाला, मला कुराणात काही गोष्टी एकमेकींशी न जुळणाऱ्या दिसतात. त्यातली एक हीच. ७९:२७ ते ३० मध्ये आकाश उभारलं आणि "त्यानंतर" जमीन पसरली असं आहे, आणि ४१व्या सुरेत उलटं. इब्न अब्बास म्हणाले, जमीन आधी निर्माण केली, मग आकाश रचलं, आणि मग जमीन "पसरली" म्हणजे तिच्यातून पाणी आणि चारा काढला.

दुसरी गोष्ट, दोन अधिक चार अधिक दोन म्हणजे आठ होतात आणि बाकी सगळीकडे (७:५४, १०:३, ५०:३८) सहाच दिवस आहेत, हेही जुन्यांनी पाहिलंय. त्यांचं म्हणणं चारमध्ये पहिले दोन धरलेले आहेत, अरबीत असं बोलायची रीत आहे.

आता ५१:४७. इथे मला शोधयात्रींना नम्रपणे अडवायचंय. शब्द आहे "मूसिऊन". विस्तार करणारे हा अर्थ व्याकरणात बसतो, खोटा नाही. पण हाच शब्द एकवचनात २:२३६ मध्ये आलाय, तलाकच्या वेळी बायकोला काय द्यायचं त्या संदर्भात: "मूसिअ"ने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावं, गरिबाने आपल्या. म्हणजे ऐपतदार, सामर्थ्य असलेला. जुने भाष्यकार तबरी (मृत्यू ९२३) ५१:४७ चा अर्थ असाच घेतात, आम्ही सामर्थ्यवान आहोत. दुसरे भाष्यकार इब्न कसीर (मृत्यू १३७३) म्हणतात आकाशाच्या कडा रुंद केल्या, म्हणजे करून झाल्या. आकाशगंगा एकमेकींपासून अजून लांब जातायत हा अर्थ १९२९ च्या आधी कुणाच्या डोक्यात आलेला मला दिसलेला नाही. आलाच नसेल तर तो अर्थ आयतीने आपल्याला सांगितला की आपण आयतीला?

अजून एक, ७९:३० मध्ये जमीन "पसरली" यासाठी आलेला शब्द "दहाहा" म्हणजे शहामृगाचं अंडं म्हणून पृथ्वीचा आकार सांगितला असं हल्ली पसरवतात. शब्दाचा मूळ धातू पसरण्याचा, सपाट-मोकळं करण्याचा आहे. शहामृग वाळू पायाने बाजूला करून अंडी घालायची जागा करतं तिला त्या धातूवरून शब्द आहे, अंड्याला नाही. पृथ्वी गोल आहे हे मुसलमान विद्वानांना ठाऊक होतंच, इब्न हझ्म (मृत्यू १०६४) यांनी ३९:५ मधल्या रात्र दिवसावर गुंडाळण्याच्या शब्दावरून मांडलंय, पागोटं गुंडाळतात तो शब्द. त्यासाठी अंड्याची गरज नाही.

प्रयोगवही

हर्फ, सुंदर माहिती, इब्न अब्बासांचं मला अजिबात माहीत नव्हतं. पण प्रामाणिकपणे विचारते, त्या उत्तराने कुराणातल्या दोन जागा एकमेकींशी जुळल्या, खगोलशास्त्राशी नाही जुळल्या. जमीन कच्च्या रूपात का होईना आकाशाच्या आधी राहिलीच.

हर्फ

बरोबर. ते मी लपवणार नाही.

पुढे दोन वाटा लोक घेतात. एक म्हणजे "समा" हा शब्द. अरबीत डोक्यावर जे काही आहे ते समा, ढगसुद्धा, २:२२ मध्ये पाऊस समातून येतो. म्हणून काही आधुनिक लोक म्हणतात की ४१व्या सुरेतली सात आकाशं म्हणजे पृथ्वीचं वातावरण, ते पृथ्वीनंतर तयार झालं, सुटला प्रश्न. मला हे पटत नाही, कारण ४१:१२ मध्येच सगळ्यात जवळचं आकाश दिव्यांनी सजवलं असं आहे आणि ६७:५ मध्येही तेच. दिवे म्हणजे तारे. वातावरणात तारे नाहीत.

दुसरी वाट "सुम्मा" या शब्दाची, म्हणजे "मग". हा "मग" नेहमी काळाचा नसतो, कधी बोलण्याच्या ओघाचा असतो. मुफस्सिर (कुराणाचे भाष्यकार) यासाठी ९०:१७ दाखवतात. तिथे गुलाम सोडवणं, भुकेल्याला जेवू घालणं सांगून "मग तो ईमानवाल्यांपैकी (श्रद्धावंतांपैकी) असावा" असं येतं, आणि ईमान काही दानधर्मानंतर येत नाही. हे मला जास्त सरळ वाटतं. ४१:९ ची सुरुवात वाचा, ज्याने जमीन केली त्याला तुम्ही नाकारता आणि त्याच्या बरोबरीचे उभे करता का? बोलणं मूर्तिपूजा करणाऱ्या मक्केच्या लोकांशी चाललंय. आधी पायाखालची जमीन, मग अन्न, मग डोक्यावरचं आकाश, माणूस ज्या क्रमाने बघतो त्या क्रमाने. विश्वाची जन्मतारीख हा विषयच नाहीये तिथे.

निळाई

मी या विषयात अगदी नवी आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर माफ करा. सात आकाशं म्हणजे नक्की काय मानतात? आणि सगळे तारे पहिल्याच आकाशात असतील तर बाकीची सहा कुठे?

आकाशमित्र

निळाई ताई, बाळबोध अजिबात नाही. याच प्रश्नात या सगळ्या धाग्याचं मर्म आहे असं मला आता वाटायला लागलंय, थोडं लांबण लावतो.

जुना ग्रीक खगोलशास्त्रज्ञ टॉलेमी याच्या पद्धतीत पृथ्वी मध्ये आणि तिच्याभोवती गोल आवरणं: चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी. मोजा, सात! त्याच्यावर आठवं स्थिर ताऱ्यांचं आणि नववं सगळ्यांना फिरवणारं. ग्रीक ग्रंथ अरबीत आले तेव्हा तत्त्वज्ञानाकडे झुकलेल्या काही मुसलमान विद्वानांना वाटलं, अरे हे तर कुराणातलंच, सात आकाशं म्हणजे हे सात, कुर्सी (अल्लाहचं आसन) म्हणजे आठवं, अर्श (त्याचं सिंहासन) म्हणजे नववं. त्या काळचं सगळ्यात प्रगत विज्ञान होतं ते, गणित करून ग्रहणं अचूक सांगता यायची. त्यांनाही अंगावर काटा आला असेल. आणि मग कोपर्निकस, केप्लर आले आणि ती आवरणंच उरली नाहीत.

कुराण मात्र राहिलं, कारण सगळ्यांनी त्याला टॉलेमीच्या खुंटीला बांधलं नव्हतं. भाष्यकार फखरुद्दीन राझी (मृत्यू १२१०) "रब्बिल आलमीन" (सगळ्या जगांचा पालनकर्ता) या शब्दांच्या निमित्ताने म्हणतात की या जगाच्या पलीकडे हजारो हजार जगं करायला अल्लाह समर्थ आहे, तत्त्वज्ञांचा एकच जगाचा हट्ट कच्च्या पुराव्यांवर उभा आहे. धर्मपंडित इजी (मृत्यू १३५५) तर त्या गोलांना कोळ्याच्या जाळ्यापेक्षा नाजूक कल्पना म्हणाले. माझा जीव यात गुंतलाय, कारण मी जे ५१:४७ आणि हबलचं करत होतो ते तंतोतंत आठव्या आकाशाला कुर्सी म्हणणाऱ्यांसारखंच होतं.

बाकीची सहा आकाशं कुठे याचं उत्तर विज्ञानाकडे नाही. मी मानतो की ती आहेत, पण दुर्बिणीत ती यावीत असं कुराण कुठेच म्हणत नाही. आपल्याला दिसतं ते सगळं "जवळच्या" आकाशात. अब्दुर्रहमान सूफींनी ९६४ मध्ये देवयानीतला एक छोटा ढग नोंदवला, ती आपल्याला ठाऊक असलेली त्या आकाशगंगेची सगळ्यात जुनी नोंद, २५ लाख प्रकाशवर्षांवरची. तीही जवळच्याच आकाशात. हे वाक्य मी अंधारात उभा राहून म्हणतो तेव्हा मला आवंढा येतो.

जुनी_वही

वाचतोय, फार चांगली चर्चा. एक आठवण करून देतो. सर सय्यद अहमद खान यांनी १८४८ च्या सुमारास पृथ्वी स्थिर आहे असं सिद्ध करायला पुस्तिका लिहिली होती. पुढे त्यांनी मत बदललं, आणि ईश्वराची कृती (निसर्ग) आणि ईश्वराची वाणी (कुराण) यांत विरोध असूच शकत नाही, दिसला तर आपलं वाचन चुकलंय, हे त्यांच्या सगळ्या लिखाणाचं सूत्र झालं. अलीगढच्या शिक्षणामागे हा बदललेला माणूस आहे.

खडा_सवाल

सगळं गोड गोड चाललंय म्हणून अवघड जागा विचारतो, राग मानू नका. १८:८६ मध्ये झुलकरनैनला (कुराणातला दूरवर फिरणारा राजा) सूर्य चिखलाच्या झऱ्यात मावळताना दिसतो. सहीह मुस्लिममध्ये (हदीसचा दुसरा मोठा संग्रह) शनिवारी माती, रविवारी डोंगर असं करत शुक्रवारी आदम, असे सात दिवस मोजलेत. बुखारीत सूर्य अर्शखाली जाऊन सजदा (कपाळ टेकून नमन) करतो. यांचं काय?

हर्फ

राग कशाला, विचारायलाच हवं.

झरा: आयतीत "त्याला तसा आढळला" असा शब्द आहे. राझी सरळ लिहितात की सूर्य पृथ्वीपेक्षा कितीतरी पट मोठा, तो पृथ्वीवरच्या झऱ्यात कसा जाईल, समुद्रकिनाऱ्यावरच्या माणसाला सूर्य पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो तसं हे. इब्न कसीरही बघणाऱ्याच्या नजरेचंच म्हणतात. हे बाराव्या-चौदाव्या शतकातलं आहे, युरोपची दुर्बीण यायच्या आधीचं.

शनिवारची हदीस: खुद्द बुखारींनी आपल्या "तारीख" नावाच्या ग्रंथात नोंदवलंय की हे पैगंबरांचं बोलणं नसून कअब अल-अहबार यांच्याकडून आलेलं असावं. कअब म्हणजे यहुदी परंपरेतून इस्लाममध्ये आलेले विद्वान. इब्न कसीरही कुराणात सहा दिवस आणि इथे सात म्हणून तिच्यावर शंका घेतात. म्हणजे सहीह संग्रहातल्या हदीसची तपासणी आपल्याच लोकांनी केली, विज्ञानाच्या दबावाने नाही तर कुराणाशी ताडून.

सजदा: हे मी गैबचं, म्हणजे न दिसणाऱ्या जगाचं मानतो. २२:१८ मध्ये सूर्य, चंद्र, तारे, डोंगर, झाडं सगळे सजदा करतात असं आहे, आणि झाड वाकलेलं कुणी पाहिलेलं नाही. तुम्हाला हे पटणार नाही, समजू शकतो. पण याला कक्षेच्या गणितात बसवायचा खटाटोप मी करणार नाही.

प्रयोगवही

मग एक टोचणारा प्रश्न. विज्ञान सांगतं तेव्हाच अक्षरशः अर्थ सोडायचा आणि नाही सांगत तोवर धरायचा, असं होत नाही का? कुठलाच पुरावा चूक ठरवू शकणार नाही अशी जागा झाली ही.

हर्फ

थोडं होतं, मान्य करतो. आधुनिक काळात तर खूपच होतं.

पण दोन गोष्टी. "दिवस" चोवीस तासांचा नाही हे मत भूगर्भशास्त्राच्या दबावाने आलेलं नाही. मुजाहिदसारखे अगदी सुरुवातीचे मुफस्सिर सृष्टीचा एकेक दिवस हजार वर्षांचा म्हणतात, दुसरे म्हणतात आपल्यासारखाच दिवस. दोन्ही मतं शेजारी शेजारी लिहिलेली सापडतात. (सहा हजार वर्षं म्हणजेही विज्ञान नव्हेच, मी विजय म्हणून सांगत नाहीये.)

दुसरं, नियम आधी ठरलेला आहे. तत्त्वज्ञ इब्न रुश्द (मृत्यू ११९८) म्हणतात सत्य सत्याच्या विरोधात जात नाही. सिद्ध झालेली गोष्ट आणि आयतीचा वरवरचा अर्थ भिडले तर अरबी भाषेच्या रीतीत राहून अर्थ लावायचा. भाषेच्या रीतीत राहून, ही अट महत्त्वाची. म्हणूनच शहामृगाचं अंडं चालत नाही आणि "सुम्मा" चालतो. त्यांनीच ११:७ दाखवून (त्याचं अर्श पाण्यावर होतं) म्हटलंय की या आयतींचा वरवरचा अर्थ घेतला तर या जगाच्या आधी काहीतरी होतं असं निघतं, शून्यातून निर्मिती हे कलामवाल्यांचं (तर्काने धर्मतत्त्वं मांडणाऱ्या पंडितांचं) लावलेलं आहे. आधीचे धर्मपंडित गझाली यांच्या मतांशी त्यांचा मोठा वाद याच विषयावर. म्हणजे बिग बँग म्हणजे शून्यातून सुरुवात आणि तेच इस्लामचं म्हणणं, हे समीकरणसुद्धा इतकं सरळ नाही, निदान आपल्या घरात तरी त्यावर एकमत कधीच नव्हतं.

प्रयोगवही

आमच्या घरातही नाही! बिग बँगचा सिद्धांत तापलेल्या दाट अवस्थेपासून पुढचं सांगतो, त्याच्या मागे काय ते अजून भौतिकशास्त्राला सांगता येत नाही. "शून्य" हा शब्द वर्तमानपत्रांनी चिकटवलाय.

आणि यावरून लेमेत्र आठवले. ज्यांनी १९२७ मध्ये विश्व प्रसरण पावतंय हे गणितातून मांडलं आणि १९३१ मध्ये आदिम अणूची कल्पना दिली ते जॉर्ज लेमेत्र स्वतः कॅथलिक पाद्री होते. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात या नव्या विज्ञानाला निर्मितीच्या बाजूची साक्ष म्हणून उभं केलं. लेमेत्रना आनंद व्हायला हवा होता ना? त्यांना अस्वस्थ वाटलं. त्यांचं म्हणणं की हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, आज पुरावा म्हणून वापराल आणि उद्या सिद्धांत बदलला तर? पुढच्या वर्षी रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो सूर लावला नाही.

२१:१०४ मध्ये आकाश गुंडाळी करतात तसं गुंडाळलं जाईल, म्हणजे विश्व आकसून संपेल, असंही बरेचजण सांगायचे. १९९८ मध्ये प्रसरणाचा वेग वाढतोय हे सापडलं. ज्यांनी आयत आकुंचनाला बांधली होती त्यांचं काय झालं असेल?

शोधयात्री

दोन दिवस लिहिलं नाही कारण मन खट्टू झालं होतं. तुम्ही सगळे जाणकार आहात, तुमच्या मुद्द्यांना माझ्याकडे उत्तर नाहीये हे खरं. पण एक सांगू, मी शुक्रवारी मुलांचा वर्ग घेतो, पंधरा-सतरा वर्षांची मुलं, दिवसभर मोबाईलवर त्यांना कोणी ना कोणी सांगत असतं की तुमचा धर्म मागासलेला, तुमचं पुस्तक जुनाट. मी ५१:४७ ची स्लाईड दाखवतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड येतो तो तुम्ही बघितलेला नाही. तुम्ही ती त्यांच्या हातातून काढून घेताय, बदल्यात काय देताय? "सुम्मा हा काळाचा नसतो" हे ऐकून कुणाचं मन उभारी धरणार आहे?

आकाशमित्र

शोधयात्री भाई, तुमचा हा प्रतिसाद मी चारदा वाचला. तो उजेड मी बघितलाय, म्हणूनच तर मीही तीच वाक्यं बोलत होतो. आणि मग त्या मुलीच्या चेहऱ्यावर मी "बघून सांगतो" म्हणालो तेव्हा काय आलं तेही बघितलंय.

बदल्यात काय देऊ शकतो ते सांगतो. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहिम वारला त्याच दिवशी मदिनेत सूर्यग्रहण लागलं (२७ जानेवारी ६३२ चं ते ग्रहण हेच असं सहसा धरतात). लोक म्हणायला लागले, बघा, इब्राहिमसाठी सूर्यसुद्धा झाकोळला. याहून मोठा "चमत्कार" आयता हातात कुठला येणार होता? नुसतं गप्प राहायचं होतं, तो कायमचा पुरावा झाला असता. डोळ्यांत पाणी असलेला बाप उभा राहिला आणि म्हणाला, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या दोन निशाण्या आहेत, कुणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, ग्रहण दिसलं की नमाज पढा. आकाश आपल्या बाजूने उभं करायची संधी होती आणि त्यांनी ती नाकारली. तुमच्या मुलांना हे सांगा ना. मी गेल्या महिन्यात सांगितलं, सगळी मुलं शांत झाली होती.

गझालींनी साधारण १०९५ मध्ये याच ग्रहणाच्या विषयावर लिहिलंय की चंद्रग्रहण म्हणजे मध्ये पृथ्वी येणं, हे भूमिती आणि गणिताने सिद्ध आहे, याच्याशी भांडणं हे धर्माचं काम समजणारा धर्मावरच अन्याय करतो, आणि चुकीच्या वाटेने धर्माला मदत करणाऱ्यापासून होणारं नुकसान हल्ला करणाऱ्यापेक्षा मोठं. हे वाचताना मला ते माझ्याकडे बोट दाखवतायत असं वाटलं.

आणि अभिमान हवा असेल तर तो खराखुरा आहे आपल्याकडे. इब्न अल-हैसमने टॉलेमीवरच्या शंका मांडून ठेवल्या. १२५९ मध्ये इराणमधल्या मराग्याला वेधशाळा उभी राहिली. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजीच्या वेळा काढणारे इब्न शातिर (मृत्यू १३७५), त्यांची चंद्राची गणिती मांडणी आणि कोपर्निकसची जवळजवळ सारखी निघाली. उलुग बेगच्या समरकंदच्या वेधशाळेतली १४३७ ची यादी, हजाराहून जास्त तारे. यांतल्या कुणी आयतीतून आकडा काढला नाही. ३:१९१ मध्ये आकाश-जमिनीच्या निर्मितीवर विचार करणाऱ्यांचं कौतुक आहे, ते त्यांनी मनावर घेतलं आणि रात्र रात्र जागून वेध घेतले.

जुनी_वही

आकाशमित्र, यात पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम घाला. डिसेंबर १९७९, स्टॉकहोमला नोबेलच्या मेजवानीत बोलताना त्यांनी ६७:३-४ वाचली. रहमानच्या (दयाळू अल्लाहच्या) निर्मितीत तुला खोट दिसणार नाही, पुन्हा बघ, पुन्हा पुन्हा बघ, नजर थकून परत येईल. आणि म्हणाले सगळ्या भौतिकशास्त्रज्ञांची श्रद्धा हीच, जितकं खोल जावं तितकं आश्चर्य वाढतं. आपला सिद्धांत त्या आयतीत लिहिलाय असा दावा त्यांनी तिथे केला नाही.

निळाई

हा ग्रहणाचा प्रसंग मला माहीतच नव्हता. वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. त्या मुलीला उत्तर दिलं का मग?

आकाशमित्र

दिलं ताई. गेल्या शनिवारी, अमावास्या होती. आधी सांगितलं की मी तेव्हा अर्धवट वाचून बोलत होतो. मग इब्न अब्बासांकडे आलेल्या माणसाची गोष्ट, मग "सुम्मा" आणि ९०:१७, तिला ती सुरा पाठ असल्यामुळे मी अर्ध्यात असतानाच तिच्या लक्षात आलं. मग म्हणालो की पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची आहे हे उल्का आणि खडकांच्या मोजमापातून कळतं, कुराणातून नाही, आणि ते मोजायला कुराण आडवं येत नाही. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग ११:७ मधलं पाणी कुठलं? जमीन-आकाशाच्या आधीचं?" यावेळी "बघून सांगतो" म्हणायला अजिबात अवघड गेलं नाही. हर्फ, तबरी यावर काय काय नोंदवतात ते सवडीने लिहाल का?

हर्फ

लिहितो. मोठं आहे, वेगळा प्रतिसाद लागेल.

शोधयात्री

काल वर्ग झाला. इब्राहिमच्या ग्रहणाचं सांगितलं, मधेच माझाच आवाज भरून आला. ५१:४७ ची स्लाईड मी काढलेली नाहीये, अजून मन होत नाही. पण तिच्याखाली २:२३६ टाकलीय, तबरींचा अर्थ टाकलाय आणि एक तृतीयांशवाला भागाकार खोडलाय. एक मुलगा म्हणाला, सर मग दोन्हीतला खरा अर्थ कुठला? मी त्याला म्हणालो अरबी शिकायला लाग, मीही लागतो. हर्फ भाई, सुरुवात कुठून करू?

हर्फ

धातूंपासून. वाव-सीन-ऐन, पहिला धडा हाच घ्या. आणि स्लाईडवर २:२३६ मधला शब्द एकवचनी आहे हे लिहायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वर्गात कुणीतरी पकडेल.